स्मार्ट टीव्ही पेटीत, किल्ली कोणाच्या खिशात?

दौंडमधल्या एका शाळेत मागच्या वर्षी स्मार्ट टीव्ही आला. शाळेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या शाळांना वाटेल, आपण सुटलो. फीत कापली, शाल-श्रीफळ झालं, देणाऱ्यांच्या नावाचा फ्लेक्स टीव्हीच्या चौपट होता. संध्याकाळपर्यंत फोटो गावभरच्या ग्रुपवर फिरले. माझी भाची त्याच शाळेत सातवीला आहे. काही महिन्यांनी तिला सहज विचारलं, टीव्हीवर काय काय बघितलं? म्हणाली, "मामू, वो तो पेटी में है. पंद्रा अगस्त कू खोले थे."

टीव्ही भिंतीवर आहे, त्याच्याभोवती लोखंडी पेटी आहे, पेटीला कुलूप आहे आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात आहे. मी त्यांना जाऊन भेटलो. माणूस वाईट नाही. म्हणाले, "डेडस्टॉकला माझ्या सहीने नोंद आहे. काच फुटली तर उत्तर मी द्यायचं. मुलं शिकली नाहीत तर मला कोण विचारतं?" हे शेवटचं त्यांनी हसत हसत म्हटलं. मला हसू आलं नाही, कारण ते खरं बोलत होते. काचेचा हिशेब ठेवायला नोंदवही आहे, शिकण्याचा हिशेब मागणारं कोणी नाही.

आपल्या शाळांत तंत्रज्ञान पोहोचलं नाही, ही तक्रार आता अर्धीच खरी उरली आहे. यू-डायसच्या २०२३-२४ च्या आकडेवारीत देशातल्या ५७ टक्के शाळांत संगणक आणि ५४ टक्के शाळांत इंटरनेट आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्या शाळांत काहीच नाही, आणि त्यासाठी सरकारशी भांडायलाच हवं. पण उरलेल्या शाळांचं काय? तिथे वस्तू येते, पण मुलाच्या हातात पडत नाही, शिक्षकाच्या उपयोगाची नसते आणि मुलाच्या भाषेत बोलत नाही. हे पाप एकट्या सरकारचं नाही. त्यात आपला, मुस्लिम समाजाचा, चांगला मोठा वाटा आहे. तो आपणच बोलून दाखवायला हवा.

दौंडकरांना इंजिनाची गोष्ट सांगायला नको. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी इथे आली की इंजिन काढायचं, दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचं, तोवर अख्खी गाडी चहा पीत उभी. कॉर्ड लाइन झाली आणि बऱ्याच गाड्यांचा हा खेळ संपला. शाळेच्या गाडीचं इंजिन मात्र अजून कार्यालयाच्या टोकालाच जोडलेलं आहे. शाळेत कुठलं तंत्रज्ञान खरोखर रोज चालतं? जे वर माहिती पाठवतं तेच. २०१५ पासून 'सरल' आलं. पटसंख्या, आधार, खिचडी किती शिजली, सगळं शिक्षकाने स्वतःच्या मोबाइलवरून स्वतःच्या डेटावर भरायचं. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर शासनाने शिक्षकांना विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून ती पोर्टलवर चढवण्याचा आदेश दिला होता, गळती रोखण्यासाठी म्हणे. शिक्षकांनी विरोध केला तेव्हा तो बारगळला. पोरगं शाळेत का येत नाही याचं उत्तर सेल्फीत कसं सापडणार होतं, हे कोणी सांगितलं नाही.

संगणक कक्षांचीही तीच कथा. केंद्राची आयसीटी योजना २००४ ची. शाळाशाळांत संगणक आले, कंत्राटी संगणक शिक्षक आले, कंत्राट संपलं, शिक्षक गेले, कक्षाला कुलूप लागलं. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांची संगणकाशी पहिली ओळख ही काचेतून पाहिलेली, प्लास्टिकच्या कव्हराखाली झाकलेली एक आकृती होती.

यंत्र मुलाच्या हातात दिलं की झालं, असंही समजू नका. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैरातमध्ये २००७ साली एकशिक्षकी शाळेतल्या मुलांना प्रत्येकी एक हिरवा-पांढरा लॅपटॉप मिळाला. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जगभर गाजलेल्या मोहिमेचा तो भारतातला पहिला प्रयोग. गाजावाजा झाला, मोहीम मात्र भारतात पसरली नाही. पेरू या देशाने त्याच मोहिमेखाली आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये तिथल्या तीनशेहून अधिक ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलं लॅपटॉप वापरत होती, पण गणितात आणि भाषेत काही फरक पडलेला नव्हता. शिकवण्याची पद्धत तीच, शिक्षक तेवढाच गोंधळलेला. लॅपटॉपने बिचाऱ्याने करायचं काय?

आता उलटं उदाहरण. दिल्लीत २०१५ मध्ये 'माइंडस्पार्क' नावाच्या संगणक-कार्यक्रमाची चाचणी झाली. शाळेनंतरचं केंद्र, साडेचार महिने, कोणाला प्रवेश मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. मूल कितव्या इयत्तेत आहे हे न बघता त्याला काय येतं तिथून हा कार्यक्रम सुरू व्हायचा, आणि तोही हिंदीत. आठवीतल्या मुलाला चौथीचा भागाकार येत नसेल तर तो चौथीच्या भागाकारापासून. गणितात चांगली वाढ दिसली, हिंदीतही दिसली. यात जादू कुठली? वर्गात साठ मुलांसमोर उभ्या असलेल्या एकट्या शिक्षकाला जे जमत नाही, प्रत्येकाची पायरी वेगळी धरणं, तेवढं एकच काम यंत्राने केलं.

आणि परितेवाडी. सोलापूर जिल्ह्यातल्या या जिल्हा परिषद शाळेच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. क्यूआर कोडवाले गुरुजी म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्या बातमीतला आपल्या कामाचा भाग आपण वाचलाच नाही. परितेवाडीच्या मुलांची घरची भाषा होती कन्नड, पुस्तक दुसऱ्याच भाषेत. गुरुजींनी आधी ती भाषा जवळ केली, पुस्तक मुलांच्या बोलीत आणलं आणि मग त्यावर कोड चिकटवले. कोडमागे काय आहे ते त्यांनी स्वतः तयार केलं होतं, मुलाचं तोंड बघून.

आता आपल्या मोहल्ल्यात या. घरी दखनी, गल्लीत मराठी, उर्दू शाळेत गेला तर पुस्तकात लखनवी थाटाची उर्दू, आणि स्मार्ट टीव्हीतल्या पेनड्राइव्हवर इंग्रजी किंवा संस्कृतप्रचुर हिंदी. 'प्रकाश संश्लेषण' हा शब्द ऐकून भाचीच्या वर्गातली मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. त्यांना त्याच गोष्टीसाठी उर्दू पुस्तकातला शब्दही परका आहे. पण "पत्ता धूप में अपना खाना पकाता" असं एखाद्या बाईंनी म्हटलं तर वर्ग कान टवकारेल. मराठी माध्यमात जाणाऱ्या आपल्या मुलांचीही हीच गत असते, फक्त ती लवकर सावरतात कारण खेळताना त्यांची मराठी पक्की झालेली असते. मला माध्यमाचा जुना वाद इथे उकरायचा नाही. मराठीत शिका, उर्दूत शिका, मला दोन्ही मंजूर. माझं स्वतःचं पोट मराठीवर चालतं. पण पहिली-दुसरीतल्या मुलाला ज्या भाषेत स्वप्नं पडतात, त्या भाषेतला पाच मिनिटांचा व्हिडिओ बनवायला आज एक साधा फोन पुरतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही शक्य तितकं मातृभाषेतून शिकवण्याचं म्हटलं आहे. दखनीतले विनोदी रील्स लाखोंनी बघितले जातात, त्यावर आपली पोरं पोट धरून हसतात. दखनीत अपूर्णांक समजावणारे पाच व्हिडिओ शोधून दाखवा. ही सरकारने केलेली नाकाबंदी नाही. बोलीची लाज आपल्यालाच वाटते.

सामग्रीचा प्रश्न सुटला तरी शिक्षक हवाच. उर्दू माध्यमात जागा रिकाम्या राहण्याचं एक कारण सगळ्यांना ठाऊक आहे: आरक्षित प्रवर्गांच्या जागांसाठी त्या माध्यमाचे उमेदवारच मिळत नाहीत, म्हणून जागा वर्षानुवर्षं तशाच. पवित्र पोर्टल आलं, भरती संगणकावर गेली, रिकामी खुर्ची रिकामीच राहिली. अशा वर्गात टीव्ही लावून ठेवणं म्हणजे पोळी नाही म्हणून पोळपाट वाढणं. "आता एआय आलंय, शिक्षक कशाला" असं जो म्हणेल त्याने आधी आपलं मूल त्या वर्गात बसवावं.

सरकारच्या हिशेबात अजून बरंच लिहिता येईल, बिल थकलं म्हणून वीज तोडलेल्या शाळांबद्दल, उद्घाटनानंतर न फिरकणाऱ्या पुढाऱ्यांबद्दल. ते आपण रोज बोलतो. जे बोलत नाही ते आता.

आपल्या घरातल्या मोबाइलचा मालक कोण आहे? 'असर' च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येत होता. ज्यांना वापरता येतो, त्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, मुली २७ टक्के. हा सर्व समाजांचा मिळून आकडा आहे. आपल्या मोहल्ल्यात जाऊन मोजा, मग बोलू. भाऊ रात्री दोनपर्यंत गेम खेळतो, त्याची आई फक्त "सो जा रे" म्हणते. बहिणीने विज्ञानाचा एक व्हिडिओ बघायला फोन मागितला की "अब्बा कू आने दे". अब्बा कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीवर, फोन त्यांच्या खिशात. टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेली तेव्हा हे सगळ्यात उघडं पडलं. एका घरात एक फोन, त्यावर आधी मुलगा, मग वेळ उरला तर मुलगी. त्या दीड वर्षात वर्गातून गळालेल्या मुली परत आल्या की थेट निकाहच्या पत्रिकेत दिसल्या, हे तुमच्या-माझ्या ओळखीतल्या दोन-चार घरांतून आठवून बघा.

"मोबाइलने पोरगी बिघडते" हे वाक्य मी शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. मोबाइलने बिघडायचंच असेल तर त्याच पाहणीत सोशल मीडिया वापरणाऱ्यांचं प्रमाण ७६ टक्के आणि अभ्यासासाठी वापरणाऱ्यांचं ५७ टक्के आहे. त्यात मुलगे काय पुस्तकं वाचत बसलेत? धोका खरा आहे, अनोळखी नंबर, घाणेरडे मेसेज, मॉर्फ केलेले फोटो, सगळं खरं आहे. म्हणूनच तर हे यंत्र मुलीच्या हातात शाळेत पडलं पाहिजे, बाईंच्या डोळ्यांदेखत, काय बघायचं, काय ब्लॉक करायचं, कुणाला सांगायचं हे शिकत. घरात बंदी आणि शाळेत कुलूप, मग ती शिकणार कुठे? लग्नानंतर नवऱ्याच्या फोनवर?

जलशात प्रत्येक वक्ता पहिल्या वहीचा, वाचण्याच्या हुकुमाचा दाखला देतो. श्रोते सुभानल्ला म्हणतात. आणि तंत्रज्ञान दीनच्या आड येतं हा युक्तिवाद तर आता करूच नका. लाऊडस्पीकरवर नमाज जायज की नाजायज यावर आपल्याच उलेमांनी वर्षानुवर्षं वाद घातला आणि आज त्याच भोंग्यासाठी आपण कोर्टात जातो. मशिदीत सीसीटीव्ही बसले, अजानचं ॲप आलं, चंद्याच्या पेटीवर क्यूआर कोड चिकटला आणि तो नव्वदीतल्या चाचांनाही स्कॅन करता येतो. बालभारतीच्या पुस्तकावरही क्यूआर कोड आहे, 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ पासून आहे. तो कोड तुमच्या घरात कोणी, कधी स्कॅन केला?

कोणी म्हणेल, स्वीडनसारखा देश २०२३ मध्ये पुन्हा छापील पुस्तकांकडे वळला, युनेस्कोनेही त्याच वर्षीच्या अहवालात शाळेतल्या तंत्रज्ञानावर प्रश्न उभे केले, मग तुम्ही कशाला हट्ट धरता? युनेस्कोचा मूळ प्रश्न होता की हे साधन कोणाच्या अटींवर वापरायचं. माझाही तोच आहे. पोट भरलेला माणूस ताटावरून उठला म्हणून भुकेल्यानेही उठायचं का? मुलांना दिवसभर पडद्यासमोर बसवा असं मी म्हणत नाही. आठवड्यातले तीन तास, पेटी उघडी, बाई हजर, विषय ठरलेला, आणि रिमोट आलटूनपालटून मुलींच्याही हातात. एवढंच मागणं आहे.

हे अशक्य नाही. लांब कशाला, शेजारच्या शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा. काचेच्या वर्गखोल्या आणि मुलांच्या हातातले टॅब बघायला महाराष्ट्रभरातून लोक आले. बघणाऱ्यांनी काच बघितली. गावाने शाळेसाठी काय दिलं, किती वर्षं दिलं, ते बघायला कोणी थांबलं नाही. तिथले दत्तात्रय वारे गुरुजी पुढे खेड तालुक्यात जालिंदरनगरला गेले. काच वाबळेवाडीतच राहिली. जालिंदरनगरला मोठी मुलं लहानांना शिकवतात, लहान मोठ्यांनाही शिकवतात, प्रत्येकजण कुणाचा तरी विषयमित्र. त्या शाळेचं नाव २०२५ मध्ये 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल प्राइझेस'मध्ये पोहोचलं.

आणि केरळ. तिथे २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' सुरू झालं. फुकटचं, मुक्त सॉफ्टवेअर घेतलं, ते मल्याळममध्ये केलं आणि मुख्य म्हणजे शिक्षकांना शिकवलं. २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाचे मुलामुलींचे क्लब शाळेतलं संगणकाचं काम सांभाळायला मदत करतात. मलप्पुरम हा बहुसंख्य मुस्लिम जिल्हा याच योजनेत आहे. तिथल्या डोक्यावर ओढणी घेतलेल्या मुली यंत्र हाताळतात म्हणून कोणाचा इस्लाम खतऱ्यात आल्याचं ऐकिवात नाही.

आपल्या अल्पसंख्याक संस्थांचं काय? राज्यघटनेच्या कलम ३० ने आपल्याला शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला. तो जपलाच पाहिजे. पण काही विश्वस्त मंडळींनी त्या हक्काचं कुलूप केलं आहे. शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित अल्पसंख्याक शाळांत या समितीला फक्त सल्ल्याचा अधिकार उरला. सल्ला देणारी आई आणि सल्ला न ऐकणारे सदर साहब, असा हा कारभार. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवलं होतं की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी तीन-चार टक्केच आहेत. बाकीची सगळी साध्या शाळांत. तरी आपली सगळी चर्चा मदरशाच्या आधुनिकीकरणावर, टीव्हीवरची भांडणंही त्यावरच. उरलेल्या मुलांच्या शाळेतल्या कुलपावर कोणाची पत्रकार परिषद नाही.

तुम्ही वीस-पंचविशीत आहात. तुमच्या हातात फोन आहे, तुम्ही हे त्यावरच वाचत आहात. यू-डायसच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' मध्ये आपल्या शाळेचं नाव टाका. कागदावर किती संगणक आहेत, इंटरनेट आहे की नाही, शिक्षक किती, सगळं दिसतं. मग शाळेत जाऊन मोजा. फरक निघाला तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये लागतात. जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळा असेल तर समितीच्या बैठकीत बसा, तिथे पालकांना नुसता सल्ला नाही, शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार आहे. मंडळातर्फे पुढचा टीव्ही देणार असाल तर फ्लेक्सच्या पैशात बाईंना महिन्याचा डेटा भरून द्या, आणि देताना लिहून घ्या की डेडस्टॉकचा माल वापरात फुटला तर भरपाई मंडळ देईल. मुख्याध्यापकांची भीती तिथेच संपते, त्यांच्याकडे सबब उरत नाही.

माझ्या बहिणीने गेल्या महिन्यात एक ओळीचा अर्ज दिला: पेटीची किल्ली शिक्षकांच्या खोलीत खिळ्याला लावावी. ऑफिसमध्ये तिला विचारलं, आपलं शिक्षण किती? तिने सातवी सांगितलं, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मागितला. शिक्का मिळाला आहे. किल्ली अजून खिशातच आहे. येत्या सोमवारी ती आणखी चार आयांना घेऊन जाणार आहे.